स्वतःला ओळखू लागलो, तरी पत्नीशी अंतर का वाढले?

प्रश्नकर्ता, फोंडा

नमस्कार. घरात आम्ही कोकणीच बोलतो, तरी मनातले नीट मांडायचे असले की मला शाळेपासूनची मराठीच जवळची वाटते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

गेल्या चवथीच्या आधी मूळ घरच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीला, कोणी काय आणायचे हे ठरवण्यासाठी मी चुलत भावाला मोबाइलवर आवाजी संदेश पाठवला. कवंडळे, कांगले, सुपारीचे शिपटे, अंबाडे, तोरिंगे अशी यादी सांगत असतानाच पत्नीने स्वयंपाकघरातून काहीतरी विचारले, मी तिला उत्तर दिले आणि पुढची यादी सांगून संदेश पाठवून दिला. यादीतले काही राहून गेले का, हे पाहण्यासाठी रात्री मी तो पुन्हा ऐकला. तिने विचारले होते, "आईच्या गोळ्या आणायच्या आहेत ना?" मी म्हटले होते, "सांगितले ना एकदा आणतो म्हणून." शब्दांत वावगे काही नाही. मात्र ज्या आवाजात ते आले, त्या आवाजात मी कारखान्यातल्या कोणाशीही बोलत नाही, शेजाऱ्याशी बोलत नाही, अनोळखी माणसाशी तर नाहीच. त्याहून वाईट वाटले ते पुढच्याच क्षणाचे. तिला उत्तर देऊन मी भावाकडे वळलो आणि त्याच श्वासात माझा आवाज पुन्हा मऊ झाला.

त्या रात्रीपासून मी स्वतःकडे पाहायचे ठरवले. गेले सहा महिने मी रोज झोपण्यापूर्वी वही लिहितो. मला राग का येतो, मी असा का झालो, याचा शोध घेता घेता बऱ्याच गोष्टी उलगडल्या: वडिलांचा धाक, थोरला मुलगा म्हणून लहान वयात अंगावर आलेली जबाबदारी, वेर्ण्याच्या नोकरीतल्या बदलत्या पाळ्या, अपुरी झोप. हे सारे समजल्यावर घरातले वातावरण आपोआप हलके होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उलटे झाले. शिगम्याच्या दिवसांत पत्नी मला शांतपणे म्हणाली, "पूर्वी तू निदान भांडायला तरी समोर असायचास. आता तू वहीत असतोस."

आमच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. ती प्राथमिक शिक्षिका आहे, मुलगी अकरा वर्षांची आहे, आई आमच्याकडेच असते. स्वतःला ओळखले की नाती घट्ट होतात, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग माझे नेमके काय चुकले? कोणत्या प्रकारचे आत्मभान नात्याच्या उपयोगी पडते, हे अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकणाऱ्यांनी कृपया लिहावे.

समुपदेशक, मडगाव

दादा, तुमचा प्रयत्न प्रामाणिक आहे आणि तो वाया गेला, असे मला मुळीच वाटत नाही. पण तुम्ही ज्याला स्वतःकडे पाहणे म्हणता, त्यात दोन वेगळ्या क्रिया मिसळल्या आहेत आणि त्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्यांच्यातला फरक मोजण्याची पद्धत मांडली. एक चिंतन, जे कुतूहलातून होते. दुसरे मनात घोळत राहणे, जे भीतीतून, अपराधी वाटण्यातून किंवा अन्यायाच्या जाणिवेतून होते. दोन्हींत माणूस स्वतःविषयीच विचार करत असतो, पण पहिल्यातून तो मोकळा होऊन बाहेर येतो आणि दुसऱ्यात आत आत जात राहतो. तुमची वही धक्क्यातून सुरू झाली, त्यामुळे तिचा कल दुसऱ्या बाजूला गेला असल्यास त्यात नवल नाही.

हा कल ओळखायचा असेल तर वहीतले प्रश्न तपासा. "मी असा का?" हा प्रश्न तुम्ही सहा महिने विचारलात आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी तुम्हाला वडिलांपर्यंत घेऊन गेले. ते उत्तर खरेही असेल. पण वडील भूतकाळात आहेत आणि पत्नी स्वयंपाकघरात आहे. टाशा युरिक या संशोधिकेने, ज्यांचे आत्मभान पक्के आहे असे स्वतःलाही वाटते आणि जवळच्यांनाही वाटते, अशा ५० जणांच्या मुलाखती तपासल्या. त्यांच्या बोलण्यात "का" हा शब्द १५० पेक्षा कमी वेळा आला आणि "काय" हा शब्द १,००० पेक्षा जास्त वेळा आला. "त्या क्षणी माझ्या अंगात काय होत होते, मला काय हवे होते, पुढच्या वेळी मी काय करीन" या प्रश्नांची उत्तरे आजच्या दिवसात सापडतात आणि त्यांचा उपयोगही आजच करता येतो. "का" विचारले की मन एखादी पटेल अशी कथा रचते आणि आपण त्या कथेवर विश्वास ठेवून मोकळे होतो.

याहून महत्त्वाचे दुसरे कारण आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये एक चौकट मांडली आणि तिला दोघांच्या पहिल्या नावांवरून जोहारी खिडकी असे नाव पडले. या खिडकीला चार तावदाने आहेत: मला आणि इतरांनाही ठाऊक असलेले, फक्त मला ठाऊक असलेले, फक्त इतरांना दिसणारे, आणि कोणालाच ठाऊक नसलेले. वही लिहून दुसरे तावदान उघडते, कधी चौथ्यातलेही थोडे दिसते. तिसरे मात्र वहीने कधीच उघडत नाही, कारण त्याची कडी बाहेरच्या बाजूला असते. तुमच्या बाबतीत ते तावदान त्या संदेशामुळे अपघाताने उघडले आणि तुम्ही ते पुन्हा आतून उघडण्याचा प्रयत्न करत राहिलात. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याला पूरक आहे. आपली चिंता, आपली अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टी आपल्यालाच जास्त अचूक कळतात. पण ज्या गुणांशी चांगले-वाईट जोडलेले असते, त्यांच्या बाबतीत जवळची माणसे आपल्यापेक्षा अचूक सांगतात, कारण तेथे आपले मन आपल्याच बाजूने साक्ष देते.

म्हणून पत्नीला विचारा. मात्र "मी कसा आहे?" असे विचारू नका, कारण एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस एक तर समजूत काढणारे उत्तर देतो किंवा चौदा वर्षांचे गाठोडे सोडतो. "काल संध्याकाळी मी बाजाराच्या पिशवीबद्दल बोललो, तेव्हा तुला काय ऐकू आले?" एवढेच विचारा आणि ती सांगेल तेव्हा स्पष्टीकरण देऊ नका. हे फार अवघड आहे. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक जोडप्यांचे बोलणे याच जागी अडते. एकाने दुखणे सांगितले की दुसरा लगेच आपला हेतू सांगू लागतो, आणि हेतू कितीही चांगला असला तरी सांगणाऱ्याला एवढेच कळते की आपले दुखणे ऐकले गेले नाही.

आता शरीराविषयी, कारण आत्मभान म्हटले की लोक मनाकडे धावतात आणि शरीर विसरतात. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत मतभेदाच्या विषयावर बोलायला लावून त्या वेळची हृदयाची गती, घाम वगैरे मोजले. वाद तापला आणि नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की माणसाला समोरच्याचे नीट ऐकूच येत नाही, सुचतात ती फक्त टोचणारी किंवा पळ काढणारी उत्तरे, असे गॉटमन सांगतात. शरीर पूर्ववत व्हायला किमान २० मिनिटे लागतात. म्हणून आपले तापणे वेळेवर ओळखणे आणि "मी आता तापलो आहे, अर्ध्या तासाने यावर बोलू" असे सांगून बाजूला होणे, हे मला नात्यातले सर्वांत उपयोगी आत्मभान वाटते. परतण्याची वेळ सांगणे यात अनिवार्य आहे. ती न सांगता उठून गेलात, तर समोरच्याला तो अबोलाच वाटतो. आणि त्या २० मिनिटांत मनात भांडण पुढे चालू ठेवू नका. झाडांना पाणी घाला, नळ दुरुस्त करा, काहीही करा.

भावनेला नाव देण्याचा परिणामही मोजला गेला आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूची प्रतिमा घेतली. चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगायला लावली, तेव्हा मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया उतरली. मात्र नाव अचूक हवे. "मला राग आला" हे आपण सहज म्हणतो, पण पुष्कळदा त्याच्या खाली "आपण कमी पडतो असे मला वाटले" हे दडलेले असते, आणि ते ऐकल्यावर समोरचा माणूस वेगळे उत्तर देतो.

वही बंद करू नका, तिची दिशा बदला. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षे मागोवा घेतला आणि तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी सर्वांचेच वैवाहिक समाधान हळूहळू उतरत गेले. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी फक्त सात मिनिटे लिहायला सांगितले: दोघांचेही भले चिंतणाऱ्या त्रयस्थ माणसाला हा मतभेद कसा दिसेल, तसे पाहण्यात तुम्हाला काय अडथळा येईल, आणि तो कसा पार कराल. वर्षभरात जेमतेम २१ मिनिटे. या जोडप्यांची घसरण थांबली, इतरांची चालू राहिली. तुम्ही सहा महिने रोज लिहिलेत, पण त्या वहीत बहुधा एकच पात्र होते.

तुमच्या लिहिण्यातून तसे जाणवत नाही, तरी झोप उडाली असेल किंवा स्वतःविषयी सतत तिरस्कार वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोलावे, किंवा बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत जाऊन तज्ज्ञांना भेटावे.

निवृत्त शिक्षक, सत्तरी

वरच्या बाईंनी शास्त्र सांगितले आहे. मला फक्त आवाजाविषयी लिहायचे आहे, कारण आमच्या गावच्या जत्रेतली मराठी नाटके मी तीस वर्षे बसवली आहेत.

आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून आत. हाडांतून येणारा आवाज अधिक भरदार असतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतला आवाज उरतो आणि म्हणून प्रत्येकाला आपला मुद्रित आवाज परका वाटतो. नवीन मुले तालमीत पहिल्यांदा स्वतःचे मुद्रण ऐकतात, तेव्हा "हा मी नव्हेच" असे म्हणतात. त्यांना मी सांगत असे की प्रेक्षकांसाठी हाच तू आहेस. तुमच्या पत्नीने चौदा वर्षे हवेतला आवाज ऐकला आहे आणि तुम्ही हाडांतला ऐकत आला आहात. तुम्ही खोटे नव्हता, तिची तक्रारही खोटी नव्हती.

एका वर्षी एका तरुणाकडे थोरल्या मुलाची भूमिका होती. म्हाताऱ्या बापाला "जेवलात का?" एवढेच विचारायचे, पण दर वेळी ते दटावल्यासारखे येई. मी सूर सांगून पाहिला, अर्थ समजावून पाहिला, काही जमेना. शेवटी मी शब्द सोडून फक्त त्याच्या छातीकडे पाहत बसलो, तेव्हा दिसले की बोलण्याआधी तो श्वास झटकन वर ओढून धरतो. अडवलेल्या श्वासावर कोणतेही वाक्य ठेवा, ते कडकच पडते. त्याला मी आधी श्वास सोडायला आणि मग बोलायला सांगितले. वाक्य मऊ झाले. तुमच्या पत्नीने हाक मारली की त्या क्षणी तुमचा श्वास कोठे असतो, हे आठवडाभर पाहा. बदलू नका, फक्त पाहा. सूर शब्दाच्या आधी ठरतो आणि श्वास सुराच्या आधी, त्यामुळे पकडायची जागा तीच आहे.

एक गोष्ट लिहू की नको, असे वाटत होते, पण लिहितो. माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. तीस वर्षे मी दुसऱ्यांचे सूर दुरुस्त केले. ती दर वर्षी पहिल्या रांगेत बसून नाटक पाही आणि घरी आल्यावर कोण कोठे चुकला हे मला नेमके सांगे. तिचा कान इतका तयार होता. माझा घरातला सूर कसा आहे, हे मात्र मी तिला एकदाही विचारले नाही, आणि तिनेही आपण होऊन सांगितले नाही. तुम्हाला विचारता येते, एवढ्यासाठीच हे लिहिले.

प्राध्यापिका, डिचोली

हा प्रश्न नवरा-बायकोचा आहे, तरी मी भावाबहिणीचे लिहिते, कारण गोव्यात नाती तुटण्याची ती फार मोठी जागा आहे. आपल्याकडच्या वारसा कायद्यात मुलगी आणि मुलगा समान वाटेकरी असतात आणि विवाहित वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते. हे न्याय्यच आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्यामुळे आईवडिलांच्या पश्चात सर्व भावंडे आणि त्यांचे जोडीदार एकाच मेजाभोवती येतात, आणि तेथे जमिनीबरोबर सेवेचाही हिशेब निघतो.

आमची आई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिच्या पश्चात इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याची, कागदपत्रे करायला आम्ही वकिलांकडे बसलो, तेव्हा मी रुग्णालयात काढलेल्या रात्रींची यादी नेली होती, तारखांसह. भावानेही आपण काय काय केले ते सांगायला सुरुवात केली. दोघांचे ऐकून वकील म्हणाले की तुमच्या दोघांच्या म्हणण्याची बेरीज केली, तर आईची तीन वर्षे पुरणार नाहीत.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली यांचा १९७९ चा अभ्यास मी दर वर्षी वर्गात सांगते. त्यांनी पती आणि पत्नीला वेगवेगळे विचारले की घरच्या अमुक कामात तुमचा वाटा किती. बहुतेक कामांत दोघांच्या उत्तरांची बेरीज पूर्णाहून जास्त भरली. याचे कारण केवळ बढाई हे नव्हते. स्वतःचे केलेले माणसाला सहज आठवते, दुसऱ्याचे आठवत नाही. हे मला तोंडपाठ होते, आणि तरीही मी ती यादी घेऊन गेले होते. एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती आपण या क्षणी करत आहोत हे दिसणे, यांतले अंतर मला त्या दिवशी कळले.

घरी येऊन मी यादी पुन्हा पाहिली. माझ्या रात्री मला आठवत होत्या, कारण त्या रात्री मी जागी होते. भावाच्या रात्री मला आठवत नव्हत्या, कारण त्या रात्री मी झोपलेली होते. मी झोपू शकले ते तो तेथे होता म्हणून. हे लक्षात आल्यावर मी त्याला फोन केला आणि एवढेच म्हटले, "तुझ्या रात्री मला सांग." तो प्रथम गप्प राहिला. मग तासभर बोलला. एका रात्री आईने त्याला आमच्या बाबांच्या नावाने हाक मारली आणि तो सकाळपर्यंत बाबा होऊन उत्तरे देत बसला होता, हे मला तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

कागदपत्रे अजून पूर्ण झालेली नाहीत. घराच्या मागच्या भागाविषयी आमचे अजूनही जुळत नाही. पण आता आमचा मतभेद घराविषयी आहे, आईविषयी नाही.

म्हणून दादा, माझे मत असे आहे की वहीत स्वतःचे दोष लिहिण्यापेक्षा, पत्नीने केलेल्या ज्या गोष्टी घडताना तुम्ही झोपलेले, कामावर गेलेले किंवा दुसऱ्या खोलीत होता, त्या तिला विचाराव्यात. आपल्या नजरेला मर्यादा आहे, हे ओळखणे हेही आत्मभानच आहे आणि माझ्या अनुभवात नात्याला तेच सर्वांत आधी पोहोचते.

गृहिणी, वास्को

माझे यजमान तारवटी आहेत. आठ महिने बोटीवर आणि चार महिने घरी, असे आमचे सतरा वर्षे चालले आहे. बोटीवर एकटेपणात माणूस स्वतःविषयी पुष्कळ विचार करतो, आणि दोनदा ते घरी आले तेव्हा त्यांच्यापाशी बरेच नवे शब्द होते. "मी तापट आहे हे मला ठाऊक आहे," असे ते म्हणत आणि तेथेच थांबत, जणू ठाऊक असल्याने हिशेब मिटला. त्याच शब्दांनी ते मलाही मोजू लागले: तू असुरक्षित आहेस, तुझे लहानपण असे गेले म्हणून तू अशी वागतेस. ते खरे असेल किंवा नसेल, पण ते माझ्याकडून त्यांच्याकडे जायला हवे होते. ज्याला दुसऱ्याचेच मन उघडून दाखवायची घाई असते, त्याचे स्वतःकडे लक्ष नसते, असे मी तेव्हा त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, हे मी त्यांच्या बाजूने मान्य करते.

आणखी एक, कारण येथे वाचणाऱ्या सगळ्या बायकांची स्थिती सारखी नसते. ज्या घरात बाईला भीती वाटते, तेथे श्वास आणि सूर यांचे सल्ले पुरत नाहीत. तेथे १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

दादा, तुमचे लिहिणे मी तीनदा वाचले. तुम्ही तो संदेश ऐकलात, तुम्हाला धक्का बसला, तुम्ही सहा महिने वही लिहिलीत आणि आता आम्हा अनोळखी माणसांना हे सर्व सांगितलेत. ज्यांचा प्रश्न त्या संदेशात आहे, त्यांना तुम्ही तो ऐकवलात का? तुमच्या पूर्ण लिहिण्यात तसे कोठेही आलेले नाही.

प्रश्नकर्ता, फोंडा (सोळा दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. वास्कोच्या ताईंचा प्रश्न वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि पुष्कळ वेळ बसून राहिलो. नाही, मी तिला सांगितले नव्हते. लाज वाटत होती. आधी बदलतो आणि मग सांगतो, असे मी मनाशी ठरवले होते आणि त्या "आधी"ला सहा महिने झाले होते.

त्या रविवारी मुलगी शिकवणीला गेल्यावर मी पत्नीला संदेश ऐकवला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा आवाज तुला एकदाच ऐकू आला. मला रोज येतो." मी हेतू सांगायला तोंड उघडले होते, पण मडगावच्या बाईंचे लिहिणे आठवले आणि थांबलो. मग ती म्हणाली की त्या संध्याकाळी ती स्वतः औषधांच्या दुकानात निघाली होती. मी थकून आलो आहे हे पाहून माझी फेरी वाचवावी, म्हणून तिने विचारले होते. मी तो प्रश्न आठवण करून दिल्यासारखा, टोचल्यासारखा ऐकला होता. सहा महिन्यांच्या वहीत या वाक्याची ही दुसरी बाजू कोठेच नव्हती, आणि ती माझ्या एकट्याच्या डोक्यातून येणारही नव्हती.

डिचोलीच्या बाईंनी सांगितले तसे मी तिला तिच्या रात्री विचारल्या. माझी रात्रपाळी असते, तेव्हा आई दोन-तीन वेळा उठते आणि ती तिला धरून नेते, हे मला ढोबळमानाने ठाऊक होते. आई त्या वेळी घाबरून तिचा हात किती घट्ट धरते, हे ठाऊक नव्हते. तिने मनगट पुढे करून दाखवले.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. तापल्यावर अर्ध्या तासाने बोलू, हे आम्ही ठरवले आणि तिसऱ्याच दिवशी मी परतायची वेळ न सांगता उठून गेलो. रात्री तिने ते माझ्या लक्षात आणून दिले. वही मी आता फक्त रविवारी लिहितो. सत्तरीच्या सरांनी सांगितलेला श्वास मात्र रोज पाहतो. आपण दिवसातून किती वेळा श्वास अडवून धरतो हे पाहून मी थक्क झालो आहे, आणि ते बहुतेक वेळा उंबरठ्याच्या आत होते.

परवा संध्याकाळी आईने मुलीला दुसऱ्यांदा विचारले, "अभ्यास झाला का गं?" मुलगी म्हणाली, "सांगितले ना एकदा झाला म्हणून." शब्द माझे, सूर माझा, आणि भुवया उचलायची तऱ्हासुद्धा माझीच. आजीशी असे बोलतात का, म्हणून मी तिला दटावणार होतो. श्वास वर ओढलाही होता. तो तसाच सोडला, तिला बाहेर सोप्यावर माझ्याजवळ बसवले आणि मोबाइलमधला तो जुना संदेश तिलाही ऐकवला.